बाईंनी वाचलेली पत्रं

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात पोस्टमन आधी आमच्याच दारात थांबायचा. आमची फार पत्रं यायची म्हणून नव्हे. बोळातल्या निम्म्या बायकांची पत्रं आई वाचून दाखवते हे त्याला माहीत होतं, म्हणून सगळा गठ्ठा तो आमच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि सायकलला टांग मारून निघून जायचा. आई नगरपालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची. शाळेत बाई, बोळात बाई, इतकंच काय, माझे वडीलही चारचौघांत "बाईंना विचारा" असंच म्हणायचे. ते कोर्टात कारकून होते. दिवसभर लोकांची भांडणं सुवाच्य अक्षरात उतरवून घरी आले की त्यांना बोलायचा कंटाळा असे. घरातलं बोलणं सगळं आईचं.

दोन खोल्यांचं घर, पुढं दगडी पायऱ्या. पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. पाहुण्यांना तिचा त्रास व्हायचा, आम्हाला ती बंद पडली की दचकायला व्हायचं. आई शाळेतून आली की चहा, मग परातीत ज्वारीचं पीठ, आणि तव्यावर पहिली भाकरी पडेपर्यंत पायऱ्यांवर कुणी ना कुणी पत्र घेऊन बसलेलं. आई पिठाचे हात पदराला पुसायची, अंबाड्यातला आकडा काढून पत्राची कड फोडायची आणि आधी सगळं पत्र मनातल्या मनात वाचायची. मग समोरच्या बाईकडं एकदा नीट बघायची आणि मोठ्यानं वाचायला लागायची. आधी मनात, मग मोठ्यानं. वर्गातही ती मुलांना असंच वाचायला लावायची, त्यामुळं मला ती शिकवण्याचीच रीत वाटायची. त्या मधल्या बघण्यात ती काय ठरवत असेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही.

या बायकांत राजम्मा सगळ्यांत जवळची. ती बोळाच्या टोकाला एका खोलीत राहायची. घरी तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी. नवरा मागावर होता, छातीच्या दुखण्यानं गेला. ती विड्या वळायची. तिच्या खोलीत उजेड नव्हता म्हणून दुपारी सूप घेऊन आमच्या पायऱ्यांवर यायची. तेंदूची पानं पत्र्याच्या साच्यावर ठेवून कातरायची, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, झालं. बोलताना तिचे हात थांबलेले मी कधी पाहिले नाहीत. मला ती "पापा" म्हणायची. त्यांच्याकडं लहान मुलीला पापाच म्हणतात, आणि मी तेरा वर्षांची झाले तरी तिनं ते सोडलं नव्हतं. तिच्याकडचं चिंचेचं सार आमच्याकडं यायचं, आमची शेंगाची चटणी तिच्याकडं जायची. तिच्या कपड्यांना तंबाखूचा वास होता, आणि अजून कुठं तो आला की मला ती पायरीच आठवते.

तिला दोन मुलं. धाकटी पद्मा आणि थोरला व्यंकटी. व्यंकटी आईच्या वर्गातला. आई म्हणायची, इतक्या वर्षांत असं डोकं दुसरं पाहिलं नाही. बाप गेला तेव्हा तो सातवीत होता. राजम्मानं त्याचं नाव शाळेतून काढलं आणि त्याला कारखान्यात मागावर लावलं. आई तिच्या खोलीवर दोनदा जाऊन आली. एकदा मीही बरोबर होते. आई सांगत होती, फी मी बघते, पुस्तकं मी देते, मुलाला शिकू दे. राजम्मा खाली मान घालून विड्या वळत होती. शेवटी म्हणाली, "बाई, पुस्तकं तुमी दिशीला. त्यो मोटा हुईस्तवर आमी खायाचं काय?" व्यंकटी कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडं कुणीच बघितलं नाही. चार वर्षं त्यानं मुकाट्यानं काम केलं आणि एक दिवस राजम्माशी कडाडून भांडून भिवंडीला नातेवाइकाकडं निघून गेला.

तिथून त्याची आंतरदेशीय पत्रं यायची. वर्षातून दोन-तीन. पत्र आलं की राजम्मा विड्या बाजूला ठेवायची, पदर सारखा करायची आणि देवळात बसल्यासारखी बसायची. आई वाचायची, "अम्मा, तुझं पत्र मिळालं. काम पुष्कळ आहे, सुट्टी मिळत नाही. प्रकृतीला जप. पद्माला आशीर्वाद." पत्र नेहमी छोटंच असायचं. राजम्मा म्हणायची, "एवढंच व्हय? कागूद तर भरलाय की." आई म्हणायची, "अक्षर मोठं काढतो गं तो." मग राजम्मा उत्तर सांगायची आणि आई लिहायची. खोकला हाय का, जेवतोस का येळेवर, दसऱ्याला ये, गोडाचं करून ठेवते. दसरा यायचा आणि जायचा. गोडाचं आम्हीच खायचो.

शिकायचं तिच्याच मनात आलं. मी पायरीवर अभ्यास करत बसले होते, तिनं कातरलेल्या पानाचा एक तुकडा उचलून माझ्यापुढं धरला. "पापा, ह्याच्यावर माजं नाव काड." मी नखानं काढलं. तिनं ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मला शिकीव. व्यंकटीला माज्या हातानं लिवायचंय. बाईला न सांगता. त्याला दचकवायचंय." मला काय आनंद झाला! मी तोवर कुणाला काही शिकवलं नव्हतं. पाटी आणली, खडू आणला, पण तिला पानांचे तुकडेच बरे वाटायचे. एका हातानं वळायचं आणि मधेच नखानं एक अक्षर काढायचं. क, का, कि, की. ओठ हलवत, मान डोलवत. तिच्या सुपात विड्यांबरोबर अक्षरं पडलेली असायची.

आईपासून लपून राहण्यासारखं ते नव्हतंच. एका संध्याकाळी तिनं तसा एक तुकडा हातात घेऊन विचारलं, "हे कोण शिकवतंय?" मी अभिमानानं सांगितलं. मला वाटलं, आई मला जवळ घेईल. आयुष्यभर शिकवण्याचं काम करणारी बाई ती. पण ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली. मग भाकरी थापता थापता पाठमोरीच म्हणाली, "घाई करू नकोस. जोडाक्षरं तर इतक्यात नकोच. मोठ्या माणसाला जड जातात." मी मान डोलावली. मला तो शिक्षकाचा सल्ला वाटला. आता मी त्या वेळच्या आईहून कितीतरी मोठी आहे, स्वतः तीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे, आणि त्या "बरं"मधली भीती मला आता ऐकू येते. तेव्हा नाही आली.

वर्षभरात राजम्मा दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. व्यंकटीचं पत्र मात्र सहा महिन्यांत आलं नव्हतं. एका रविवारी सकाळी आई पायरीवर मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडत होती, मी शेजारी. राजम्मा आली. हातात तिचं सूप नव्हतं. रिकाम्या हातांची राजम्मा मी पहिल्यांदा पाहिली. तिच्या कमरेला जुन्या पत्रांचं पुडकं खोचलेलं होतं. त्यातलं एक तिनं उलगडून आईच्या सुपात ठेवलं.

"बाई, हे वाचा की एकदा."

आईनं पत्राकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "जुनं आहे हे. वाचलंय की आपण."

"परत वाचा."

आईनं वाचायला सुरुवात केली. तेच वाक्य, तोच सूर. "अम्मा, तुझं पत्र मिळालं. काम पुष्कळ आहे..."

राजम्मा खाली वाकली आणि तिनं ओळीवर बोट ठेवलं. तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट. "काम कुटं हाय, बाई? मला दावा."

मग राजम्मा स्वतः वाचायला लागली. बोट सरकत होतं आणि एकेक अक्षर जड पाटा ओढावा तसं बाहेर येत होतं. "मा-झी शा-ळा तू बं-द के-लीस. बा-ईं-नी घ-री ये-ऊन सां-गि-तलं, त-री ऐ-कलं ना-हीस. मी वि-चा-रतो, ते तू लि-हीत ना-हीस. खो-क-ला वि-चा-रतेस. ए-कदा त-री लि-ही की चु-कलं. म-ग मी ये-तो." तिथं ती थांबली. दम खाल्ला. पुढच्या ओळीवर बोट दोनदा फिरलं. "ना-ही-तर मु-लगा..." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पापा, हे अक्षर मला यीत न्हाय. हे काय हाय?"

मी वाकून बघितलं. "म्ह," मी म्हणाले. "म्हणू."

"मुलगा म्हणू न-को," तिनं वाक्य पुरं केलं.

पलीकडं माग चालूच होते. आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि थोडी ज्वारी पायरीवर सांडली. ती कुणी उचलली नाही. आई म्हणाली, "राजम्मा, तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाईट वाटायचंच हुतं की मला," राजम्मा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माजंच हुतं ते. नवरा गेला तवा सोसलं, हे सोसलं नसतं व्हय? तीन वर्सं लेकरू वाट बगत बसलं तितं. आन मी हितं त्याला खोकला इचारतीया. त्याला काय वाटलं आसंल, बाई? आई मुद्दाम करतीया, आसंच की." तिनं पत्र घडी करून परत कमरेला खोचलं. आईनं तिचा हात धरायला हात पुढं केला, पण तोवर ती वळली होती.

त्या दिवशी आई जेवली नाही. दुपारी माझ्याशी बोलली, खरं तर स्वतःशीच. पहिल्या पत्रात दोनच वाक्यं कडू होती, तेवढी गाळली. वाटलं, पोराचा राग आहे, निवळेल. मग पुढच्या पत्रात जास्त गाळावं लागलं, कारण आधीचं गाळलं होतं. "त्यानं 'चुकलं' असं लिहायला सांगितलं, तेव्हा तरी वाचायचं होतं," मी म्हणाले. तेरा वर्षांच्या मुलीला जेवढं कठोर होता येतं तेवढी कठोर होऊन म्हणाले. "तेच तर वाचवेना," ती म्हणाली. "त्याचं म्हणणं मला पटत होतं गं. मीच तिला सांगायला गेले होते ना. आता तेच त्याच्या नावानं तिला ऐकवायचं, म्हणजे बघ, मी सांगत होते, असं म्हटल्यासारखं. मला स्वतःचीच भीती वाटली." हे वाक्य मी पुढं कितीदा मनात घोळवलं आहे. दुसऱ्याला जपतो म्हणताना माणूस कितीदा स्वतःलाच जपत असतो, आणि ते त्याला ठाऊकही असतं. आई वाईट नव्हती. मी पाहिलेल्या माणसांत ती फार चांगली होती. म्हणूनच ते मला इतकं छळतं.

राजम्मानं स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं. त्या पत्त्यावर माणूस राहत नाही असा शेरा पडून ते परत आलं. मग ती पद्माला घेऊन भिवंडीला निघाली. आईला कळलं तेव्हा ती तिच्या खोलीशी गेली, "मी रजा घेते, बरोबर येते," म्हणाली. राजम्मानं दारातूनच सांगितलं, "तुमी नगं. मला वाचाय येतंय आता." आई परत आली आणि तिनं चुलीपुढं बसून नुसता विस्तव सारखा केला.

आठ दिवसांनी राजम्मा परतली. एकटीच, म्हणजे पद्मा होती, व्यंकटी नव्हता. आमच्या पायरीवर ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नळावर मला भेटली. घागर भरल्यावर म्हणाली, "गावला. दुसऱ्या कारखान्यात हाय. लगीन केलंय. बायको चांगली हाय, जेवाय वाडलं मला."

"आणि तो?"

"त्याला म्हनलं, चुकलं. त्यो म्हनला, एवडं म्हनाय तीन वर्सं लागली व्हय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, व्हय. लागली."

मला क्षणभर समजलंच नाही. "आईचं सांगितलं नाहीस? पत्रं आई बदलून वाचत होती ते?"

राजम्मानं घागर कमरेवर घेतली. "पापा, त्यो बायकोला सांगत हुता, आमच्या बाई आशा शिकवायच्या, आमच्या बाई तशा. ह्या गावातलं येकच मानूस त्याला चांगलं वाटतंय. ते बी मी काडून घेऊ?" आणि ती गेली. पाणी घागरीत डचमळत होतं.

हे आईला सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. सांगितलं. लपवण्याचं काय होतं ते आमच्या घरानं नुकतंच पाहिलं होतं, आणि मला वाटलं, यातून सुटायची वाट एकच, सगळं सगळ्यांना सांगून टाकायचं. आईनं ऐकलं आणि लगेच कागद घेतला. व्यंकटीला सगळं लिहायचं ठरवलं. वडील कोर्टातून आले होते, टोपी अजून हातात होती. ते सहसा मधे पडत नसत. पण त्या दिवशी म्हणाले, "लिहू नकोस. तिनं स्वतःवर घेतलंय. ते तिचं आहे. तुला कुणी दिला त्याला हात लावायचा अधिकार?"

"तिनं घेतलं म्हणून माझं जात नाही," आई म्हणाली.

"तुझं जावं म्हणून लिहितेस की त्याला कळावं म्हणून?"

आईनं कागद पुढं ओढला. लिहिलं. स्वतः जाऊन पेटीत टाकून आली. आणि आज इतक्या वर्षांनी मला दिसतं ते हे, की याही वेळी तिनं राजम्माला विचारलं नाही. पहिल्यांदा राजम्माला काय सोसणार नाही ते तिनं ठरवलं, आता राजम्मानं काय लपवावं तेही तिनंच ठरवलं. खोटं बोलली तेव्हाही, खरं बोलली तेव्हाही. वडिलांचा प्रश्न बरोबर होता असं मला वाटतं. पण आईनं लिहिलं नसतं तर मी तिला माफ केलं नसतं, हेही तितकंच खरं. मुलांना शिकवताना मी खूप ठाम बोलत असे. खरं बोलावं, सांगत असे. ते सांगताना दर वेळी हे आठवायचं.

व्यंकटीचं उत्तर आलं नाही. आईनं बोळातल्या बायकांची पत्रं वाचणं थांबवलं नाही, पण आता ती मनात वाचायची नाही. फोडायची आणि थेट मोठ्यानं सुरू करायची. कुणाच्या बापाचं, कुणाच्या नवऱ्याचं, जे असेल ते. वाचताना तिचा आवाज सपाट असायचा आणि मान खाली. एक-दोन बायका म्हणाल्या, बाई आता पहिल्यासारखं गोड वाचत नाहीत. हळूहळू त्या दुसरीकडं जायला लागल्या. पोस्टमनही गठ्ठा आमच्या उंबऱ्यावर ठेवेनासा झाला.

पद्माचं लग्न ठरलं तेव्हा व्यंकटी आला. बायको, कडेवर पोर. बोळात सगळ्यांनी त्याला पाहिलं. आई दोन दिवस दार उघडं ठेवून बसली. शाळेला जाताना रेंगाळायची, आल्यावर चहा विसरायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पायऱ्या चढून उंबऱ्यापाशी उभा राहिला. उंच झाला होता, केसांत मागावरचा कापूस होता तसाच. आई हातातलं भांडं घेऊनच पुढं आली.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं पत्र मिळालं."

आई म्हणाली, "व्यंकटी..."

"अम्माला विचारलं मी. ती म्हणाली, बाईंना काय बोलू नगंस, जाऊन भेटून ये. म्हणून आलो." तो आत बघत होता, भिंतीकडं, आईकडं नाही. त्याला काही म्हणायचं होतं. मी दारामागून त्याचे ओठ हलताना पाहिले. "माझी शाळा गेली ती तुमच्यामुळं न्हाय," तो शेवटी म्हणाला. "पर ही तीन वर्सं..." ते वाक्य त्यानं तिथंच सोडलं. पाया पडला नाही. नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, परक्या घरी करतात तसा, आणि पायऱ्या उतरला. कोपऱ्यावर राजम्मा नातवाला घेऊन उभी होती. तिनं आमच्या दाराकडं पाहिलं, मान किंचित हलवली. होकार होता की निरोप, कळलं नाही. मग दोघं वळली.

आई हातातलं भांडं धरून उंबऱ्यातच उभी होती. शाळेची वेळ होऊन गेली होती. मी तिला आठवण करून दिली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, जणू मी कुणाचं तरी पत्र आणून तिच्या हातात दिलंय.

"मी त्याला 'बस'सुद्धा म्हटलं नाही गं," ती म्हणाली.